विहीर, दोन लिंबं आणि नक्शानवीस

इमारतींचे नक्शे काढणारे करीमचाचा नक्शानवीस यांच्यामुळं मी औरंगाबादेत टिकलो, हे आधी लिहून ठेवतो. बाकीचं मागाहून.

चाचा स्वतःला इमारतीचाच एक भाग समजत. त्यात वेडेपणा नव्हता. खरेदीखतातच तसं होतं. "चार मजले, एक विहीर, दोन लिंबाची झाडं आणि नक्शानवीस करीम." इमारत विकली की तिच्याबरोबर चाचाही नव्या मालकाकडं जात. शहरात तेवढी उंच कचेरी दुसरी नव्हती. दारात कुणी आलं की चाचा काठी आडवी धरत. "मियाँ, पहले सुनो, फिर चढो." मग इमारतीचा सगळा इतिहास ऐकावा लागे. अर्धे लोक तिथूनच घरी परतत.

इतिहास असा. एका जागीरदारानं तीन मजली कचेरी बांधायला घेतली. तेवढ्यात त्याच्या चुलतभावानंही तीन मजली उठवली. जागीरदार तावातावानं आला, "और एक मंजिल!" चाचांनी नक्शात चौथा मजला चढवला. बांधून झाल्यावर मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "चाचा, वर जायला जिना कुठंय?"

"मालिकने उंचाई मांगी थी. जाना नहीं मांगा."

तेव्हापासून तिसऱ्यावरून चौथ्यावर शिडीनं जायचं. पुढं सरकीच्या एका शेठनं इमारत घेतली. त्यानं तक्रारी ऐकणारा कारकून नेमका चौथ्या मजल्यावर बसवला. महिन्याभरात तक्रारी बंद. शेठ सांगत फिरे, "आपल्याकडं सगळे लई सुखी आहेत."

याच शेठकडं मी चपराशी लागलो. गाव अजिंठा. शाळा चौथीत सुटलेली, तीही मराठी. इथं निजामाच्या राज्यात सगळे कागद उर्दूत. घरी बायको, दोन लेकरं. पहिल्याच दिवशी विहिरीच्या कामाचा कागद मी सरकीच्या खोलीत नेऊन दिला. मुनीम ओरडला, "परत असं झालं तर गावाकडं जायचं!"

मी लिंबाखाली बसून राहिलो. चाचा आले.

"पढना नहीं आता?"

"नाय जी."

"देखना आता ना?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारावर कोळशानं चित्र काढलेलं. बैल, बादली, कुलूप. तेच चित्र कागदाच्या कोपऱ्यात. मुनीमाच्या दारावर घुबड होतं. तो ज्याला त्याला दाखवी, "माझ्या दारावर चाचांनी बहिरी ससाणा काढलाय."

त्यानंतर माझा एकही कागद चुकला नाही.

मग शेठनं इमारत एका वकिलाला विकली. वकील म्हणाला, "जुन्या खतात एकच माणूस आहे, नव्यातही एकच राहील. बाकीचे उठा." खत लिहायला बसले चाचाच. अक्षर त्यांचं मोत्यासारखं.

मी म्हणालो, "चाचा, तुमचं बरंय. तुम्ही विहिरीसारखे पक्के."

"हौ," म्हणाले, आणि लेखणी तासत राहिले.

वकिलानं सगळ्यांसमोर खत वाचलं. "चार मजले, एक विहीर, दोन लिंबाची झाडं आणि चपराशी सखाराम, राहणार अजिंठा." मग बोटानं मोजून म्हणाला, "माणूस एकच ना? झालं तर."

"चाचा, लिहिताना चुकलं का काय?" मी विचारलं.

"नक्शा बन गया मियाँ. अब नक्शानवीस का क्या काम?"

जिन्याखालून त्यांनी वळकटी ओढून काढली. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं ते तिथंच झोपत होते. चार मजल्यांच्या नक्शात त्यांनी स्वतःला एक खोली काढली नव्हती. सिल्लोडला भाचीकडं जातो म्हणाले. फाटकात समोरून एक नवखा माणूस आला. चाचांची काठी सवयीनं आडवी झाली. मग त्यांनी ती हळूच खाली घेतली आणि त्याला वाट दिली.

सिल्लोड माझ्या गावच्या वाटेवरच आहे. मी अजिंठ्याला दोन खणांचं घर बांधणार आहे, नक्शा चाचांचाच. वर माळवदावर एक खोली त्यांची. आणि तिथं जायला जिना असेल, चाचा. तेवढं माझ्याकडं लागलं.