धोंडूनानांची कार्डे

धोंडूनानांना वेळ विचारली तरी ते माणसाचे नाव सांगत. "शिंदखेड्याचा मोटारवाला आता चहा पीत असेल. म्हणजे साडेनऊ." घड्याळ समोरच्या भिंतीवर होते. नाना तिकडे बघतही नसत.

धुळ्याच्या ज्या जिनिंग कारखान्यात मी कारकून होतो, तिथे नाना कापसाची खरेदी पाहत. कोणत्या गावात कोणाशी बोलायचे, हे फक्त त्यांना ठाऊक होते. एका गावी पाटलाला भेटून उपयोग नसे, त्याच्या थोरल्या बहिणीला भेटावे लागे. दुसऱ्या गावी कापसाच्या दराची गोष्ट काढण्याआधी म्हशीची चौकशी करावी लागे. हे लिहून ठेवा म्हटले की नाना कपाळावर बोट ठेवत.

"बठ्ठं आठे शे, भाऊ!"

ऐन हंगामात नाना तापाने पडले. मॅनेजरसाहेब स्वतः त्या म्हशीच्या गावी गेले, ओट्यावर बसले आणि थेट भाव बोलले. गाड्या रिकाम्या परत आल्या. नाना कामावर येताच साहेबांनी त्यांना बोलावले.

"म्हशीचं विचारलं का, साहेब?"

"म्हशीचं काय विचारायचं?"

"मरी गई ना ती, आखाजीना सणले!"

साहेबांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. नानांच्या निवृत्तीला महिना उरला होता. तेवढ्या वेळात एकेका गावाचे एकेक कार्ड लिहून द्यायचे होते.

"लिखीसन मंग मी काय करू?" नाना म्हणाले. सगळे हसले. नाना हसले नाहीत.

पण त्यांनी लिहिले, आणि हातचे काही राखले नाही. "आबा पाटील. ऐकू कमी येते, पण ओरडू नये, अपमान वाटतो. डाव्या बाजूस बसावे." साहेब कार्डे वाचून खूश झाले. फक्त प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ होती: "तरी शंका आल्यास येऊन विचारावे. दुपारी घरीच असतो."

"ही ओळ गाळून नकला करा," साहेब मला म्हणाले. मी केल्या.

पुढचा हंगाम सुरळीत गेला. कार्डे इतकी चोख होती की कोणाला कसलीच शंका आली नाही.

हंगाम संपता संपता एका दुपारी मी नानांकडे गेलो. दार उघडेच होते. घरात ते एकटे. ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर कोणी बसल्याची एकही सुरकुती नव्हती.

"बठ. कोन्तं गाव अडनं?"

अडले काहीच नव्हते. मी एका गावाचे नाव सांगितले. त्याच्या कार्डाची नक्कल मीच केली होती, शब्दन् शब्द पाठ होता.

नानांनी पहिल्यापासून सांगायला घेतले. मी खिशातून पेन्सिल काढली आणि सगळे पुन्हा लिहून घेतले.