मैनेचा खेळ आणि पंतांचं सोवळं

गोपाळपंत आमच्याकडे जेवायला येणार, त्या दिवशी मैनेला खेळवायचं मी आपण होऊन कबूल केलं. तिथंच सगळं बिघडलं.

पंत म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरातले आमचे वरिष्ठ. मी अजून उमेदवार. मला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या मनावर. (आणि त्यांचं मन पोटाच्या फार जवळ आहे, असं सगळं दफ्तर म्हणतं.) माझी बायको मथुरा पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाकाला लागलेली. अडीच वर्षांच्या मैनेनं तिला हात लावला, तर स्नान पुन्हा आणि स्वयंपाकही पुन्हा.

"तिला परसातच ठेवा हं," मथुरानं आतून बजावलं.

मी बेडूक होऊन उड्या मारल्या. हत्ती होऊन डुललो. मैना दोन उड्या मारून निघाली आईकडे! घाईघाईनं तिला शिवाशिवी शिकवली: मी पळायचं, तिनं शिवायचं. खेळ तिला इतका आवडला, की मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं. (हे मला नेहमी चुकीच्या वेळी वाटतं.)

तेवढ्यात आमच्याकडे आलेले पंत परसातल्या विहिरीवर स्नान उरकून, रेशमी मुकटा नेसून पानाकडे निघाले. मैनेला नवा गडी दिसला.

"शिवते हं!"

"अनंतराव, आवरा हिला! मी सोवळ्यात आहे!"

पंत तुळशीवृंदावनामागे गेले. मैना दुसऱ्या बाजूनं आली. पंत चक्क पळू लागले. दफ्तरात ज्यांच्यापुढे आम्ही खोकतही नाही, ते निऱ्या धरून वृंदावनाभोवती धावत होते आणि प्रत्येक फेरीला माझी नोकरी लांब जात होती.

"अहो, झबलं काढा तिचं!" मथुरा दारातून ओरडली. "नागड्या लेकराचा कुठं विटाळ असतो?"

खरंच की! विटाळ कपड्याचा. मी झेप घेऊन झबलं ओढून काढलं. मैनेनं उघड्या अंगानं पंतांचा गुडघा गाठला.

"शिवलं!"

सोवळं शाबूत, नोकरी शाबूत! मला इतकं गहिवरून आलं, की पुढे होऊन मी पंतांचे पाय घट्ट धरले. धुळीनं माखलेल्या धोतरासकट.

पंतांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लेकीचं झबलं काढून भागलं, अनंतराव. तुमचं काय काय काढायचं?"

मी निमूट त्यांच्या दुसऱ्या स्नानाचं पाणी शेंदायला गेलो.

पंत मात्र पोटभर जेवले. अंगरखा-पागोटं चढवून निघताना म्हणाले, "कायम झालात असं समजा. स्वयंपाक उत्तम होता."

मी पाया पडायला वाकलो, तर पंत कसबा पेठेच्या वळणापर्यंत पळत गेले. आता तर ते सोवळ्यातही नव्हते.