बाबांचा आकडा अकरा

शहाण्णव सालची गोष्ट. अंबरनाथ एमआयडीसीत मी केमिस्ट होते आणि घरात माझं एकच पालुपद असे: माणूस खोटं बोलेल, टेस्ट बोलणार नाही.

सासऱ्यांना, म्हणजे हरिचंद्रबाबांना, लघवीला जळजळ सुरू झाली. माझ्या डोक्यात एकदम कॅन्सरच आला, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणे आता नुसत्या रक्तावरून कळतो. एवढंसं रक्त, आणि पोटातलं गुपित कागदावर! मला तर हात जोडावेसे वाटले. डॉक्टरांना न विचारताच मी बाबांना उल्हासनगरच्या लॅबमध्ये नेलं.

रिपोर्टवर छापलं होतं, चारपर्यंत ठीक. बाबांचा आकडा अकरा.

मी रडत बसले. बाबांनी मात्र शांतपणे चपला घातल्या आणि शेजारी हिरामणकाकांच्या ओटीवर गेले. सख्खा धाकटा भाऊ, पण कुंपणावरच्या फणसापायी दोघं सोळा वर्षं बोलत नव्हते.

"हिरामण, मला कॅन्सर आहे. फणस तुझा."

काका लहान मुलासारखे ढसाढसा रडले. "मला नको फणस, दादा. तू राहा."

मी कुंपणाशी थक्क होऊन उभी. अख्ख्या बदलापूर गावाला जे जमलं नव्हतं, ते एका रिपोर्टनं केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काका उजाडताच कडुनिंबाचा काढा घेऊन हजर. बाबा तो पिईपर्यंत समोरून हलत नसत. बातमीही त्यांनीच गावभर केली. भेटायला येणाऱ्यांनी घराचं केळ्यांचं गोदाम केलं. शेजारच्या कौसाबाई तर बाबांच्या समोरच डोळे पुसत म्हणाल्या, "फार चांगला माणूस होता."

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवी तपासली आणि कपाळाला हात लावला. "अहो, इन्फेक्शन आहे. त्यानंही हा आकडा चढतो. चढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. आणि नाही चढला म्हणजे नाहीच, असंही नाही."

मी, केमिस्ट, खाली मान घालून ऐकत होते.

गोळ्या झाल्या, दीडेक महिन्यानं परत टेस्ट केली. आकडा दोन. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. काका नाचतच पेढे आणायला पळाले. बाबा मात्र घरी ओटीवर बसून कुंपणावरच्या फणसाकडे बघत राहिले.

"बाबा, आनंद नाही झाला?"

"झाला गं. पण मी मरणार म्हणून त्याला माफ केलं होतं."

तेवढ्यात रस्त्यावरून काकांची हाक आली, "दादा, उद्यापासून रोज दोघं फिरायला जायचं!"

बाबा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "मीनल, त्या लॅबवाल्याला परत एकदा विचार. नक्की दोनच आहे ना?"