खिशातला बिल्ला

"मातीकाम झालं, समूहगान झालं, पोहणंही झालं. दादा, आता हे शेवटचं," असं म्हणत बहिणीने वाचनालयातून आणलेला स्वयंसेवकाचा बिल्ला त्याच्या हातात ठेवला.

दादा चाळिशीचा. त्याला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी अलीकडेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्याला नवनव्या गोष्टी करायला लावण्याचा बहिणीने विडाच उचलला होता. बिचारा पार थकून गेला होता. पण या वेळी तो आपणहून हो म्हणाला. जन्मभर सगळ्यांनी त्यालाच मदत केली होती; एकदा तरी आपण कुणाच्या उपयोगी पडावं, एवढंच त्याला मनापासून वाटत होतं.

काम सोपं होतं. वाचनालयाच्या मागे एकट्यादुकट्या माणसांसाठी 'गप्पांची खोली' उघडली होती, तिथे खुर्च्या मांडायच्या. गप्पा मारायला दुसरे स्वयंसेवक होते, देवाची कृपा. तो सगळ्यांच्या आधी पोचला. खुर्च्या ओळीत लावल्या, एक तिरकी वाटली म्हणून सगळ्या पुन्हा लावल्या. बिल्ल्याची दोरी मानेला टोचत होती, ती काढून खिशात टाकली आणि कानांवर हेडफोन चढवून तो कोपऱ्यात जरा टेकला.

तेवढ्यात बाकीचे स्वयंसेवक आले. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला एकटा माणूस पाहून त्यांचे चेहरे उजळले.

"बसा, बसा, उठू नका," निवृत्त मास्तर शेजारी ठाण मांडत म्हणाले.

"मी खुर्च्या…"

"खुर्च्यांचं आम्ही बघतो हो."

एका काकूंनी चहा आणला. त्याला चहा आवडत नसे, म्हणून त्याने तो एका दमात संपवला; लगेच दुसरा आला. मग खांद्यावर लोकरीची शाल आली, ती दोरीपेक्षा जास्त टोचत होती. मास्तरांनी आपल्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदू ऑपरेशनची कथा उजव्या डोळ्यात घातलेल्या पहिल्या थेंबापासून लावली. मधे फट सापडली की बोलू म्हणून तो टपून बसला, पण मास्तर फट ठेवणाऱ्यांतले नव्हते.

शेवटी त्याने बिल्ला काढायला खिशात हात घातला. तेव्हाच मास्तर काकूंकडे वळून कुजबुजले. हेडफोनमुळे याला हळू बोललेलं ऐकू येत नसणार, असा त्यांचा समज असावा.

"महिनाभर खोली उघडायची, एकमेकांची तोंडं बघायची नि कुलूप लावायचं. आज कुणी आलं नसतं ना, तर मी किल्ली परत देणार होतो."

"मग मी तरी घरी बसून काय केलं असतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

त्याचा हात खिशातच राहिला.

"अजून थोडा चहा?" काकूंनी मोठ्याने विचारलं.

"द्या," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो चपलांसकट आडवा झाला.

"झेपत नसेल तर राहू दे, दादा," बहीण म्हणाली. "मी कळवते त्यांना."

"नको," तो डोळे न उघडता म्हणाला. "माझ्यावाचून त्यांचं अडेल. उद्या मास्तरांचा दुसरा डोळा आहे."