चार बोटं आत

माणसानं जे काही मिळवलं ते काठापर्यंत जाण्याच्या धैर्यातून मिळवलं, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं. ते अक्षर हटवार मास्तरांचं. हे मास्तर चहाचा कपसुद्धा टेबलाच्या काठापासून चार बोटं आत ठेवत. दुसऱ्याचा कप काठाशी दिसला तर न विचारता तोही आत सरकवत आणि म्हणत, "काठाचं काही सांगता येत नाही, भाऊ."

ते गणित शिकवत, मी मराठी. बाकाच्या टोकाला बसलेल्या पोरांना ते मध्ये सरकवत, त्यामुळे त्यांच्या तासाला मधली पोरं घुसमटलेली आणि टोकं रिकामी असत. फळ्यावरही चारी बाजूंनी चार बोटं कोरा पट्टा सुटलेला असे. वरठीला स्टेशन असल्यानं गावाला फलाटावर फिरण्याची सवय. मास्तरही रोज संध्याकाळी नागपूरहून येणाऱ्या गाडीच्या वेळेला तिथं असत, पण भिंतीला पाठ टेकवून. गाडी सुटून माणसं पांगेपर्यंत हलत नसत.

"कोणाले घ्यायले येता?" मी एकदा विचारलं.

"कोणाले नाही. हवा खायले."

इंजिनाच्या धुरात हवा खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुमसरला हेडमास्तर होण्याची संधी त्यांनी दोनदा नाकारली. तिथल्या शाळेला जिना आहे, म्हणून मास्तर घाबरले असावेत, असं शिक्षकांच्या खोलीचं मत पडलं. मीही त्याला दुजोरा दिला होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला. तो ज्या खोलीत ठेवला तिथं चपला काढून जावं लागे. देवळात निदान घंटा वाजवता येते. इथं कशालाच हात लावायचा नव्हता. मास्तर नागपुरात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि येताना एक प्रोग्रॅम वहीत उतरवून घेऊन आले. काळ्या पडद्यावर एक पांढरा चेंडू डावीकडून निघे, हळूहळू उजवीकडे जाई, काठाला आपटे आणि परत येई. एवढंच. पण ते पाहायला वरठीच्या कारखान्यातले फिटरसुद्धा सायकली लावून खिडकीशी उभे राहत.

फक्त चेंडू काठाला आपटत नसे. चार बोटं अलीकडूनच वळे.

उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब येणार, म्हणून आमचे हेडमास्तर गभणे आदल्या दिवशी पाहणीला आले.

"हटवार सर, हा कायले धडकून राहिला?"

"काठाले, सर."

"काठ तं तिकडं आहे. हा हवेलेच भिऊन पलटते. साहेब हासतील ना."

"काठाले नेला तं बाहेर जाईल, सर."

"बाहेर गेला तं तुम्हीबी जाल. बपेऱ्याले जागा खाली आहे."

बपेरा म्हणजे आमच्या जिल्ह्याचा काठ. त्यापुढं मध्य प्रदेश. मास्तरांचा चेहरा कॉम्प्युटरच्या पडद्याइतकाच कोरा झाला. चेंडू जिथून वळे तो बाराशे हा आकडा त्यांनी प्रोग्रॅममधून पुसला आणि तिथं बाराशे पन्नास लिहिला. दिवसभर चहाला शिवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ बाहेर फोडला. साहेबांनीही बूट काढले; त्यांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, त्याकडे कोणी पाहिलं नाही. मास्तरांनी बटन दाबलं. चेंडू निघाला. दीड-दोन मिनिटांनी काठ आला. चेंडू थांबला नाही, वळला नाही, निघून गेला.

पडदा काळा राहिला. गभणेंच्या कपाळावर घाम आला. मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली.

"सुंदर," साहेब म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. तो खेळ तिथंच संपतो असं त्यांना वाटलं. गभणेंनीही टाळ्या वाजवल्या, किंचित उशिरा. मग सगळे आलूबोंडे खायला गेले.

मास्तर आले नाहीत म्हणून मी बोलवायला गेलो. ते काळ्या पडद्यासमोर बसले होते.

"चुकलो, भाऊ. चेंडू चार-चारच्या पावलानं चालते. बाराशे अठ्ठेचाळीसवर आला, मंग बाराशे बावन्नवर. बाराशे पन्नास त्याले लागलंच नाही. अन् मी लिहून ठेवलं, पन्नासवर आला तरच पलट."

"मंग बंद करा न. बदली तं टळली."

"बंद कसा करू? तो चालून राहिला."

त्यांनी हिशोबाचा कागद पुढं केला. यंत्र बत्तीस हजारांच्या थोडं पुढंपर्यंत मोजतं. त्यापुढं त्याला येत नाही, म्हणून ते उणे बत्तीस हजारांवर जातं आणि तिथून वर मोजत येतं. म्हणजे चेंडू डावीकडून परत यायला हवा. दीड तासानं.

"अन् हिशोब चुकला असंन तं?"

त्यांनी कागदावरची बेरीज पुन्हा केली. आम्ही दोघं रिकाम्या पडद्याकडे पाहत बसलो. एका चेंडूसाठी आलूबोंडे सोडावेत हे हास्यास्पद होतं. मी ते सोडले.

"माहा लहान भाऊ होता, शालिक," मास्तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "नागपूरले जातो, सायंकाळी येतो म्हणे. फलाटाच्या काठाशी उभा होता. मी म्हटलं, मांगं सरक. हासला. गाडी आली, चढला. सोळा वर्षं झाली. लोक म्हणतात, गेला. दिसत नाही म्हणजे गेला काय, भाऊ? तो येईल तं वरठीलेच उतरंल. मी बपेऱ्याले असलो, तं त्याले घरचं कोण भेटंल?"

तुमसरच्या जिन्याबद्दलचं माझं मत मी मनातल्या मनात मागं घेतलं.

सव्वापाचला डाव्या काठाशी पांढरं काहीतरी हललं. आधी कड, मग अर्धा, मग आख्खा चेंडू. मास्तर उठून उभे राहिले. "आला," इतकंच म्हणाले. चेंडू त्याच्या सावकाश चालीनं पडदा ओलांडून गेला आणि उजवीकडून पुन्हा बाहेर पडला.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"पावणेसातले येईल," ते म्हणाले.

शाळेला सहा वाजता कुलूप लागत असे. त्या दिवशी किल्ली मी मागून घेतली.