पहिल्या तीन तारखा

प्रधानकाकांना फोटो दाखवला की ते आधी माणसं बघत नसत, उजवा खालचा कोपरा बघत. तिथे तारीख नसली की फोटो परत. "तारीख नाही, पुरावा नाही. घेऊन जा."

नवीन पनवेलला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. काकांची सगळी नोकरी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात गेली. कंटेनर आला की चारी बाजूंनी त्याचे फोटो काढायचे, पोचा कुठे, गंज कुठे ते लिहायचं. फोटोवर तारीख नसली तर नुकसानीचा दावा कोणी मानत नसे. एकतीस वर्षं हे केल्यावर माणूस निवृत्त झाला, कंटेनर हाताशी उरले नाहीत, म्हणून ते आमच्याकडे वळले. माझ्या पुतणीच्या बारशाचे फोटो काढायचं काम मी हौसेने त्यांच्याकडे दिलं, तर कॅमेऱ्याने छापलेली तारीख नेमकी बाळाच्या कपाळावर. वहिनी रडायची तेवढी राहिली. काका म्हणाले, "तीट पुसली जाते, ही जात नाही." माझ्या साखरपुड्याचा फोटो बराच वेळ निरखून त्यांनी शेरा मारला होता, "डाव्या गालाला पोचा दिसतोय. आधीपासूनचा का रे?"

त्या वर्षी जानेवारीत त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला. फोटोवर तारीख छापायची सोय त्यात होती, पण ती चालू करायला खुद्द काकाच विसरले आणि महिनाभराचे फोटो कोरे निघाले. "दोन दिवस धड जेवले नाहीत हो," असं सुधाकाकू मला सांगायच्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा हसायच्या. मग मी इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकलं. फोटो कधी काढला याची नोंद कॅमेरा फाइलच्या पोटात ठेवतोच. ती वाचून हे सॉफ्टवेअर कोपऱ्यात पिवळे आकडे उमटवायचं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दारावर थापा. "अरे मिलिंद, सव्विसावा महिना कुठून आणलास?"

सोसायटीच्या झेंडावंदनाच्या फोटोवर ०१-२६ आलं होतं. सॉफ्टवेअर अमेरिकेचं, महिना आधी लिहिणारं. काकांनी मला समोर उभं करून ते बदलून घेतलं, दिवस आधी, महिना नंतर. माझ्या दृष्टीने विषय संपला.

कॅमेऱ्यात बहुतेक फोटो काकूंचेच असत. रोज एक तरी. काकू पोळ्या लाटताना, काकू भाजीवालीशी भांडताना, काकू "पुरे झालं हो आता" म्हणताना. मार्चअखेर त्या आजारी पडल्या, हॉस्पिटलात गेल्या, आणि नऊ एप्रिलला संपलं सगळं.

मे महिन्यात मी ते पहिल्यांदा ऐकलं. ऑफिसला निघालो होतो, कुलूप लावत होतो, आणि समोरच्या बंद दाराआड काका बोलत होते. फोनवर माणूस वेगळा बोलतो, मोठ्याने. हे हळू, घरातलं बोलणं होतं. काका काहीतरी विचारायचे, थांबायचे, "हं" म्हणायचे आणि पुढे बोलायचे. थांबायचे ते बरोबर कोणीतरी उत्तर देईल तेवढंच. मी चाव्या हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं.

चार तारखेला घर पुन्हा गप्प. महिनाभर काका पूर्वीसारखेच. कोणाच्या फोटोला तारीख नाही म्हणून जिन्यात वाद घालणारे. पण एक जूनला त्यांच्या दाराला दुधाच्या एका पिशवीऐवजी दोन लटकत होत्या.

"काय काका, पाहुणे वाटतं?"

"पाहुणे कसले? घरचंच माणूस," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मी हसलो. घरात येऊन मात्र दाराला वरचीसुद्धा कडी घातली. पुढे मी मोजायलाच लागलो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर महिन्याचे पहिले तीन दिवस दोन पिशव्या, इस्त्रीचा शर्ट, दाराआडचं बोलणं. चौथ्या दिवशी काही नाही. वेड लागलेल्या माणसाला कॅलेंडर कळत नाही अशी माझी समजूत होती. काकांना तर ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

तीन डिसेंबरला मी रजेवर होतो. उरणकडून मासळी घेऊन येणाऱ्या जनाबाईने माझी बेल दाबली. टोपली तशीच डोक्यावर.

"भाऊ, काकांच्या घरान कोन हाय?"

"कोणी नाही. का गं?"

"मना बोलले, बोंबील दे. मंग आत तोंड करून इचारलं, काय गं, बोंबील घेऊ का मांदेली? उगी थांबले. मंग मना बोलले, मांदेलीच दे, तिला आज बोंबील नको. आत कोन नाय, भाऊ! मी वाकून बघितलं ना. आमी नाय आता या मजल्यावर येनार."

ती लिफ्टचीही वाट न बघता जिन्याने उतरली. मी समोर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका कॉम्प्युटरसमोर बसले होते. टेबलावर चहाचे दोन कप, दोन्हींतून वाफ येत होती. स्क्रीनवर सुधाकाकू गच्चीत पापड वाळत घालत होत्या, फोटो नको म्हणून हात आडवा धरलेला. खाली पिवळे आकडे होते, ०३-१२ आणि पुढे चालू वर्ष. तीन डिसेंबर. आज. मी दाराकडे एक पाऊल मागे सरकलो.

"बस," काका म्हणाले. "फोटो बारा मार्चचा आहे. घाबरू नकोस."

"सॉफ्टवेअर पुन्हा बिघडलं का?"

"मी उलटं केलं. महिना आधी, दिवस नंतर." त्यांनी एखादा कंटेनर दाखवावा तसं बोट टेकवून दाखवलं. "पाच मार्चचा फोटो तीन मेला आला. सहा जानेवारीचा एक जूनला, आठ फेब्रुवारीचा दोन ऑगस्टला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, म्हणून पहिल्या तीन तारखा. यात खोटं काही नाही हां. लिहिलं अमेरिकेने, वाचलं पनवेलने. दोघंही आपापल्या जागी खरे."

मी विचारलं, "मग आता जानेवारीत?"

"जानेवारीच्या तारखेत पुढचं साल लागेल. त्या सालातला तिचा फोटो कुठून आणू? आणि यंदाचं म्हणशील तर बारा मार्चपुढे तेरा. तेरावा महिना नसतो." ते चष्मा पुसू लागले. "ही शेवटची."

मला राहवलं नाही. "काका, हवी ती तारीख टाइप करता येते. मी दाखवतो, दोन मिनिटांचं काम आहे."

ते ताडकन ताठ झाले. "खोटी तारीख? एकतीस वर्षांत एका कंटेनरवर टाकली नाही, ती हिच्यावर टाकू?"

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. शेवटी काका खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बंद तूच कर. माझ्याच्याने होत नाही."

मी माऊस हातात घेतला. स्क्रीनवर काकूंचा तो हात अजून तसाच आडवा होता. या माणसाला मी सात महिने घाबरलो होतो याची मला लाज वाटली.

"काका," मी माऊस सोडून म्हणालो, "अजून दुपारसुद्धा झालेली नाही. आज दिवसभर तीनच तारीख आहे."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे वळले. "अगं, मिलिंद बसतो म्हणतोय."

ते थांबले.

"हं," काका म्हणाले, आणि तिसरा कप आणायला आत गेले.