सर्व आजींचा शरद मेळावा

दर सोमवारी निघणारे ‘परिसरवार्ता’ हे पत्रक कोणीही वाचत नाही, याबद्दल विद्यापीठात संपूर्ण एकमत होते. विद्यापीठात दुसऱ्या कशावरही कधी एकमत झाले नव्हते, त्यामुळे कुलसचिवांनी या दुर्मीळ एकमताचा मान राखायचे ठरवले आणि शरद लागला त्या आठवड्यात पत्रकाच्या संपादिकेला बोलावून घेतले.

संपादिकेला सगळे वार्ताबाई म्हणत. बातम्या जमवणारी, लिहिणारी, तपासणारी आणि छापलेले गठ्ठे विभागाविभागांत नेऊन टाकणारी अशी सगळी माणसे म्हणजे ही एकच बाई होती. नेमणूक तात्पुरती होती आणि ती तात्पुरती असण्यालाही आता बरीच वर्षे झाली होती. पत्रक बंद झाले की बाईही बंद, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“बाई, तुमचं पत्रक वाचतं कोण?” कुलसचिवांनी विचारले.

“सगळे विभाग घेतात, सर. एक गठ्ठा शिल्लक राहत नाही.”

“राहील कसा? लोक घरी नेतात आणि कपाटात अंथरतात. आमच्याकडेही तेच अंथरलंय. कागद चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही.”

मग त्यांनी आपली अट सांगितली. शरद मेळाव्याची बातमी यंदा फक्त पत्रकात छापायची. फलकावर सूचना नाही, फोनवर निरोप नाही. सभागृह भरले तर पत्रक चालू. पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही, नुसता टेबलाचा खण उघडून पुन्हा बंद केला.

वार्ताबाईने बातमीचा मसुदा पुढे केला. ‘विद्यापीठ परिवारातील सर्व आजी-माजींचा शरद मेळावा’ असा मथळा होता. कुलसचिवांनी लगेच लाल पेन काढले.

“हे माजी नकोत. सगळ्यात आधी येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि ‘आमच्या वेळी’ सुरू करतात. मागच्या वर्षी भूगोलाच्या त्या माजी सरांनी माइक धरला तो वीज गेली तेव्हाच सुटला. आणि वीज मलाच घालवावी लागली.”

“मग ‘सध्याचे कर्मचारी’ असं लिहू का?”

“बाई, हे विद्यापीठ आहे. ‘सध्याचा’ भाव असतो, रद्दीचा. ‘आजी’ हा किती भारदस्त शब्द आहे. तो राहू द्या. ‘माजी’ तेवढं काढा. सगळीकडून काढा.”

वार्ताबाईने जागेवर येऊन संगणकाला तसे सांगितले. संगणक आज्ञाधारक होता, त्याने क्षणात सगळीकडचे माजी काढून टाकले. तिचे लक्ष सभागृहातल्या खुर्च्यांकडे आणि पुढच्या महिन्याच्या घरखर्चाकडे लागलेले होते. ऱ्हस्व-दीर्घ तपासून तिने अंक छापायला पाठवला, आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची खरोखरच एकही चूक नव्हती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आले ते असे:

‘विद्यापीठ परिवारातील सर्व आजींचा शरद मेळावा येत्या शनिवारी मुख्य सभागृहात होईल. आजींनी ओळखपत्र गळ्यात घालून यावे व आपापल्या विभागात बसावे. मोबाइलवर खेळत बसणाऱ्या आजींना बाहेर काढण्यात येईल. माननीय कुलगुरू आजींच्या वर्षभरातील कामगिरीचा आढावा घेतील. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्या आजींवर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.’

त्याखाली, परिसरात गळालेली पाने ही विद्यापीठाची मालमत्ता असून ती कोणी परस्पर नेऊ नयेत, अशी कुलसचिवांच्या सहीची सूचना होती. तिच्यावरून मात्र कोणाचाही गैरसमज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वार्ताबाई घरी आली तेव्हा सासूबाई ठेवणीतल्या कपड्यांना इस्त्री करत होत्या.

“अगं, ते ओळखपत्र कुठं मिळतं?”

“कसलं ओळखपत्र, आई?”

“गळ्यात घालायचं. नाहीतर कारवाई करणारेत म्हणे. आजवर माझ्यावर कोणी कारवाई केली नाही, आता या वयात कशाला? आणि मी बसायचं कुठं? तुझा विभाग कोणता?”

वार्ताबाईने त्यांच्या हातातला अंक घेतला, मथळा वाचला आणि होती तिथे, इस्त्रीच्या कपड्यांवरच, बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून विचारणा आली, “बाई, आमची आजी वारली. मृत्यूचा दाखला जोडायचा की साधा अर्ज चालेल?” हिशेब विभागातल्या कारकुनाला आईची आई आणि वडिलांची आई अशा दोघी होत्या, दोघींचे एकमेकींशी पटत नव्हते, तेव्हा त्यांना वेगवेगळ्या विभागांत बसवता येईल का, असे तो खालच्या आवाजात विचारत होता. वसतिगृहाच्या अधीक्षकबाई रडकुंडीला आल्या होत्या. मुले गावागावांहून आज्या आणणार होती आणि त्यांच्या मुक्कामाला वरच्या मजल्याशिवाय कुठे खोल्या नव्हत्या. पदार्थविज्ञानाच्या प्रमुखांना आजी नव्हती, पण त्यांची आई त्यांच्या मुलांची आजी होती.

“तिला आणतो, पण आमच्या विभागाचा आढावा मलाच द्यावा लागणार ना?” ते म्हणाले. “माझ्या आईच्या कामगिरीवर मी तिच्यासमोर बोलू? मला त्याच घरात राहायचंय.”

वार्ताबाईला घाम फुटला होता आणि त्याच वेळी मनातून गुदगुल्याही होत होत्या. इतक्या वर्षांत पत्रकातल्या बातमीबद्दल पहिल्यांदा कोणी फोन केला होता. पण गुदगुल्यांवर नोकरी टिकत नाही. ती शुद्धिपत्रकाचा मसुदा घेऊन कुलसचिवांकडे गेली.

“शुद्धिपत्रक काढलं की चूक झाली असं ठरतं,” कुलसचिव म्हणाले. “चूक ठरली की चौकशी समिती. प्रत्येक समितीत मी असतो. म्हणजे मी माझीच चौकशी करू? आजी म्हणजे कार्यरत. शब्दकोशात बघा.”

“शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत, सर.”

“मग वाचणाऱ्यानं त्यातला बरोबर तो घ्यावा.”

तरीही जाता जाता त्यांनी मोठ्या मनाने एक खुलासा लिहून दिला आणि त्याची पुरवणी काढायला लावली. ‘सदर मेळावा फक्त आजींसाठीच असून, माजींनी येण्याची तसदी घेऊ नये.’ ज्यांच्या मनात अजून थोडी शंका होती तीही या खुलाशाने मिटली. जे अजून घरीच राहिले असते असे दुसरेही काही लोक त्याने जागे झाले. दुपारी भूगोलाच्या माजी सरांचा फोन आला.

“मी माजी आहे, मान्य. माझी पत्नी मात्र आजी आहे, तीन नातवंडांची. तिला आणायला मी येणार, परत न्यायलाही मीच येणार. मधल्या वेळात मी कुठं जाऊ, ते तुमच्या साहेबांना विचारून सांगा.”

माजी सरांनी उत्तराची वाट न बघता आपल्या सगळ्या माजी मित्रांना फोन केले.

शनिवारी फाटकापासून सभागृहापर्यंत काठ्या, चष्मे आणि शाली यांची रांग लागली. पहारेकऱ्याला ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाला सोडायचे नाही असा हुकूम होता, आणि तो हुकमाचा पक्का होता. कोणाच्या गळ्यात नातीचे ग्रंथालयाचे कार्ड होते, कोणाच्या गळ्यात दवाखान्याचे. एका आजींनी नातवाचेच ओळखपत्र घातले होते. पहारेकऱ्याने फोटो पाहिला, आजींकडे पाहिले, “नाक तेच आहे” म्हणाला आणि त्यांना आत सोडले.

सभागृहात गणिताच्या आज्या एका बाजूला, इतिहासाच्या दुसऱ्या बाजूला, अशी अगदी शिस्तीत व्यवस्था लागली. ज्यांच्यासाठी मेळावा होता ते कार्यरत कर्मचारी आपापल्या आजीची पिशवी धरून भिंतीला टेकून उभे होते. माजी मंडळी पत्नीला आधार देण्याच्या निमित्ताने पहिल्या रांगेत बसली होती. एकही खुर्ची रिकामी नव्हती. वार्ताबाईने दाराशी उभे राहून दोनदा नजर फिरवली आणि तिच्या जिवात जीव आला. कुलसचिवांचा चेहरा मात्र पडला होता, कारण कुलगुरू नुकतेच दौऱ्यावरून थेट येऊन पोचले होते आणि त्यांना यातले काहीच सांगितलेले नव्हते.

कुलगुरू भाषण कागदावरून वाचत आणि वाचताना मान वर करण्याची त्यांना सवय नव्हती.

“माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,” त्यांनी सुरुवात केली, “वर्षभरात तुम्ही सुस्तावला आहात, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. यापुढे बसून चालणार नाही. अजून पंचवीस-तीस वर्षं तुम्हाला या संस्थेसाठी धावायचंय.”

“गुडघे बदलून देणार का?” तिसऱ्या रांगेतून कोणीतरी शांतपणे विचारले.

कुलगुरूंनी मान वर केली. दुसरा कोणी असता तर गडबडला असता, पण गडबडणारी माणसे कुलगुरू होत नाहीत. त्यांनी भाषणाची घडी घालून खिशात टाकली आणि ज्येष्ठांना विद्यापीठाशी जोडण्याची ही आगळी कल्पना आपल्या मनात किती दिवस घोळत होती ते सांगितले. “साहेबांचीच कल्पना,” कुलसचिव मान हलवत म्हणाले. टाळ्या झाल्या. टाळ्यांनी खूश होऊन कुलगुरूंनी विचारले, “तुम्हाला मेळाव्याचं कळलं कुठून?”

“परिसरवार्तेतून,” सगळीकडून उत्तर आले.

“अरे वा. पत्रक कोण कोण वाचतं? हात वर करा बघू.”

सभागृहभर हात वर झाले, थरथरते, बांगड्यांचे, काठी धरलेले. भिंतीकडून एकही हात आला नाही. तेव्हा कुठे वार्ताबाईच्या लक्षात आले की गठ्ठे घरी जात होते ते खरेच, पण कपाटात अंथरण्याआधी प्रत्येक घरात एक बाई चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचत होती. आपण इतकी वर्षे भिंतीशी बोलत होतो असे तिला वाटत आले होते. तिला रडू आले आणि तिने ते अडवले नाही.

कुलगुरू आणखी खूश झाले आणि त्या भरात नको ते बोलून गेले. “कोणाला काही विचारायचंय?”

विद्यापीठात हे वाक्य सभा संपल्याची खूण म्हणून वापरतात. आज्यांना ते ठाऊक नव्हते.

“ग्रंथालयाची लिफ्ट लवकरच सुरू होणार असं वाचलं तेव्हा माझा नातू रांगत होता,” एक आजी म्हणाल्या. “आता तो इथंच शिकतो. लवकरच म्हणजे केव्हा?”

“टाकी धुतल्याची बातमी दर वर्षी येते,” दुसऱ्या म्हणाल्या. “मजकूर तोच, फोटोही तोच. फोटोतला माणूस आमच्या गल्लीतला, त्यानं नोकरी सोडून जमाना झाला.”

“गेल्या शरदात तुम्ही रोपं लावलीत ना? मी आता येताना बघत आले. फलक आहे. रोपं कुठं गेली?”

“आणि समितीच्या कामाचा अभ्यास करायला जी समिती नेमली होती, तिचं?”

माजी मंडळी कान टवकारून ऐकत होती. त्या दिवशी एकाही माजीने माइक मागितला नाही. कुलगुरूंनी रुमालाने कपाळ पुसले आणि सगळ्याचे उत्तर कुलसचिव देतील, असे जाहीर केले.

कुलसचिव उभे राहिले. “लिफ्टचं काम प्रगतिपथावर आहे,” ते म्हणाले.

“घरी तर झालं म्हणून सांगितलंस,” पाचव्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

ती कुलसचिवांची आई होती. मुलाने बोलावले नव्हते म्हणून ती शेजारणीबरोबर आली होती. शिस्तभंगाच्या कारवाईची तिलाही भीती वाटली होती. कुलसचिव खाली बसले आणि पुढचा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम कसलीही प्रस्तावना न करता सुरू झाला.

सोमवारी वार्ताबाई ताठ मानेने त्यांच्या खोलीत गेली.

“पत्रक बंद,” कुलसचिव म्हणाले.

“पण सर, सभागृह भरलं होतं.”

“भरलं होतं.”

“लोक वाचतात हे सिद्ध झालं.”

“म्हणूनच बंद. कोणी वाचत नव्हतं तोवर चालवायला तशी फारशी हरकत नव्हती. तुम्ही वाचक आणलेत, बाई. तेही सगळं लक्षात ठेवणारे.”

सरळसरळ तोंडाला पाने पुसली होती, आणि तीही विद्यापीठाच्या मालमत्तेतली. वार्ताबाई संतापून जागेवर आली. तिने आपला खण रिकामा केला, शब्दकोश पिशवीत टाकला आणि घरी गेली. त्या सोमवारी अंक निघाला नाही. त्यानंतरच्या सोमवारीही निघाला नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. दारात कुलसचिव उभे होते. दाढी वाढलेली होती.

“उद्यापासून या,” ते आत न येताच म्हणाले. “अंक काढा.”

“काय झालं, सर?”

“आई सकाळी विचारते कागद का आला नाही, आणि रात्री विचारते लिफ्टचं काय झालं. मधे दुपारी त्या सगळ्या आमच्या घरी जमतात. गणिताच्या, इतिहासाच्या. माझ्या कामगिरीचा आढावा घेतात. मी घरी गेलो की मला समोर बसवतात.”

“मग कुलगुरूंना सांगा ना.”

“त्यांच्या सासूबाई अध्यक्ष आहेत.”

आतून वार्ताबाईच्या सासूबाईंनी खोकून आपणही घरात असल्याचे कळवले. कुलसचिवांनी आवाज आणखी खाली आणला. “पहिल्याच पानावर घ्या, ठळक. ग्रंथालयाची लिफ्ट लवकरच सुरू होणार.”

“‘लवकरच’ त्यांना चालणार नाही, सर,” वार्ताबाई म्हणाली.

कुलसचिवांनी खिशातून फोन काढला आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा नंबर आहे का, असे तिला विचारले.